सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी सुरी निवडताना

‘हंटिंग नाइफ’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बहुतेक आपल्या डोंगरात फुकटचं ओझं ठरतं. शिकारीची सुरी बनते ती मारलेल्या जनावराचं पोट फाडायला, कातडं सोलायला आणि मांसाचे तुकडे करायला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे हे काम आता भारतात सामान्य माणसासाठी उरलेलंच नाही. मुक्कामाच्या ट्रेकला सुरीला प्रत्यक्षात काय करावं लागतं? कांदा-टोमॅटो चिरणं, दोरी किंवा सुतळी कापणं, तंबूच्या खुंटीसाठी वाळकी काटकी तासणं, चूल पेटवायला बारीक सालपटं काढणं, मसाल्याचं पाकीट फोडणं. यातल्या एकाही कामाला वीतभर लांब, दातेरी पाठीचं, काळा रंग मारलेलं पातं लागत नाही.

तेव्हा आधी कामांची यादी करायची आणि मगच सुरी बघायची.

घेण्याआधी कायदा

हा भाग बहुतेक जण वगळतात आणि वनखात्याच्या नाक्यावर अडकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत बंदूक, जाळं आणि सापळ्यांच्या जोडीला सुरीही आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. आपले कितीतरी आवडते ट्रेक अशाच हद्दीत येतात: हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई एका अभयारण्यात, वासोटा कोयना अभयारण्यात, भीमाशंकरचं जंगल वेगळं अभयारण्य, कर्नाळ्याचा किल्ला पक्षी अभयारण्यात, प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात. इथे जाताना भाजी घरूनच चिरून न्या आणि सुरी घरी ठेवा. दोरी आणि पाकिटं कापायला छोटी, गोल टोकाची कात्री पुरते. अशा हद्दीत लाकूड तोडायला आणि आग पेटवायलाही मनाई असते, त्यामुळे सुरीचं निम्मं काम तिथे आपोआप संपतं.

दुसरी गोष्ट मापाची. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या पाचव्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. कोयता म्हणूनच शेतकऱ्याच्या कमरेला चालतो. तोच कोयता रात्री अकराला शहरातल्या नाकाबंदीत तुमच्या सॅकमधून निघाला, तर तो शेतीसाठी आहे हे पटवून द्यायची वेळ तुमच्यावर येईल. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्या, काठ्या, भाले सगळं येतं. म्हणून पातं ४ इंचांच्या आसपास ठेवा, सुरी म्यानात घालून स्वयंपाकाच्या सामानात सॅकच्या तळाशी ठेवा, आणि कमरेला लटकवून एसटी स्टँडवर हिंडू नका. विमानात केबिन बॅगेत सुरी चालत नाही. ती गुंडाळून चेक-इनच्या सामानात टाकायची.

लांबी आणि जाडी

पात्याची लांबी ९ ते ११ सेंटिमीटर. मोठा कांदा ७-८ सेंटिमीटरचा असतो, त्याहून थोडं लांब पातं असलं की तो एका ओढीत चिरला जातो. पातं १५ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की टोकावरचा ताबा सुटतो आणि काटकी तासताना मनगट दुखतं.

लोक लांबी बघतात आणि जाडी विसरतात. खरं तर सगळं जाडीवर ठरतं. पाठीकडून पातं २ ते ३ मिलिमीटर जाड असावं. ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकली जाणारी ५-६ मिलिमीटरची पाती कांदा चिरत नाहीत, फोडतात. गाजराचे तर टणकन दोन तुकडे उडतात, कारण पातं आत जाण्याऐवजी पाचरीसारखं बाजूंना ढकलत राहतं. पाठीइतकंच महत्त्व धारेच्या जरा वरच्या जाडीला आहे. जिथून धारेचा उतार सुरू होतो, तिथे पातं ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर सुरी चिरते. तिथेच ते पाऊण-एक मिलिमीटर असेल, तर कितीही धार लावा, दोन दिवसांत ती बोथट वाटू लागते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर अंगठा आणि तर्जनी पात्याच्या दोन्ही बाजूंनी पाठीकडून धारेकडे हळूच सरकवत न्या, पण धारेच्या अलीकडे थांबा. पातं सलग निमुळतं होत गेलं पाहिजे. मध्येच जाड राहून शेवटी एकदम कापल्यासारखं वाटलं तर ती ठेवून द्या.

पात्याचा छेद कसा आहे हे ओळखणंही अवघड नाही. स्वीडनमधल्या ‘मोरा’ या ब्रँडसारख्या सुऱ्यांना ‘स्कँडी’ घासणी असते: पात्याच्या मध्याखालून एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत, दोन्ही बाजू मिळून साधारण २५ अंश. लाकूड तासायला याहून सोपी घासणी नाही, आणि धार लावताना कोन शोधावा लागत नाही, तो उतारच दगडावर सपाट टेकवायचा. पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळती होणारी ‘फ्लॅट’ घासणी भाजीला जास्त चांगली. आतून खोलगट घासलेली ‘हॉलो’ पाती वस्तऱ्यासारखी चालतात, पण लाकडात घातली की धार वळते किंवा तिचा टवका उडतो. भटकंतीला ती नको.

टोक आणि पाठ

शिकारीच्या सुऱ्यांतला एक आकार मात्र आपण बिनदिक्कत उचलावा: ‘ड्रॉप पॉइंट’. पाठीची रेषा टोकाकडे हलकेच खाली उतरते, त्यामुळे टोक मध्यरेषेजवळ येतं, मागे पुरेसं लोखंड राहतं आणि ते सहजी मोडत नाही. अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेस यांनी हा आकार शिकारी सुऱ्यांत लोकप्रिय केला. कातडं सोलताना टोक आत घुसून मांस किंवा आतडं फाटू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्याला त्याचा फायदा एवढाच की ताटलीवर भाजी चिरताना धारेचा पोटासारखा बाक कामी येतो. टोक पुढून कापून अणकुचीदार केलेला ‘क्लिप पॉइंट’ दिसायला झोकदार, पण डबा उघडायच्या मोहात पहिलं त्याचंच टोक तुटतं.

पाठीवरची आकडी कातडं उसवण्यासाठी असते. आपल्याला तिचा काडीचा उपयोग नाही आणि ती म्यानात अडकते. पाठीवरचे करवतीचे दातही बहुधा शोभेचे. त्यांना डावी-उजवीकडे फाकवलेलं नसतं, त्यामुळे ते लाकडात रुततात, आणि तिथे अंगठा टेकवता येत नाही तो तोटा वेगळाच. दुधारी सुरी तर घेऊच नये. पाठीवर अंगठा ठेवून जोर देणं ही सुरीकामातली मूळ पकड आहे, ती दुधारीत जाते, आणि अशा सुरीला कोणी स्वयंपाकाची मानत नाही.

परदेशात परवाना काढून रीतसर शिकारीला जाणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: हरणाच्या आकाराच्या जनावराला ९-१० सेंटिमीटरची ड्रॉप पॉइंट सुरी पुरते. मोठी सुरी पोटाच्या आत दिसत नाही आणि बोटं कापते. मूठ रबरी, भडक रंगाची घ्या. रक्त आणि चरबीने लाकडी मूठ निसटते.

पोलाद

जाहिरातीत ‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’ एवढंच लिहिलं असेल तर काहीच सांगितलेलं नाही असं समजा. पोलादाला नाव असतं, आणि त्यावरून अंदाज येतो. चिनी नावांत तर सुरुवातीचा आकडाच कार्बन सांगतो: ३सीआर१३ म्हणजे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम; ८सीआर१३ म्हणजे ०.८ टक्के. पहिलं लवकर बोथट होतं, दुसरं भटकंतीला चांगलं. स्वीडिश १२सी२७ मध्ये ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतो. पावसाळी डोंगरासाठी हे पोलाद फार समजूतदार आहे: गंज कमी, धार बारीक लागते आणि साध्या दगडावर लागते. ४४०सी आणि १४सी२८एनही बिनधोक. व्हीजी-१० किंवा एस३०व्ही धार जास्त टिकवतात, पण बोथट झाल्यावर ती परत आणायला चांगला दगड आणि सबुरी लागते. घरी दगडावर हात बसलेला नसेल तर महागडं पोलाद घेऊन वर्षभरात बोथट सुरीच वापराल.

डी२ बद्दल एक इशारा. त्यात १२ टक्के क्रोमियम असतो म्हणून विक्रेते त्याला स्टेनलेस म्हणतात. पण कार्बन दीड टक्का असल्यामुळे बराचसा क्रोमियम त्याच्याशी बांधला जातो, गंज अडवायला थोडाच उरतो. जुलैत दोन दिवस ओल्या म्यानात राहिलेल्या डी२ वर ठिपके दिसतातच.

१०९५ सारखं साधं कार्बन पोलाद सरस धार घेतं, दगडावर लोण्यासारखं चालतं आणि गंजतंही तितक्याच उत्साहाने. टोमॅटो, लिंबू, कैरी, कोकम यांनी त्यावर काळसर-निळा थर चढतो. तो थर चालेल, तो थोडंफार संरक्षणच करतो. लालसर, खरवडल्यावर भुकटी निघणारा गंज मात्र लगेच काढायचा. कोकणात खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी कार्बन पोलाद रोज पुसायची तयारी असेल तरच घ्यावं.

दुकानात करायच्या दोन तपासण्या. लोहचुंबक जवळ न्या. सुरीचं पोलाद, स्टेनलेस असलं तरी, चुंबकाला चिकटतं. चिकटलं नाही तर ते भांड्यांचं १८/८ स्टील आहे. त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक करताच येत नाही. दुसरी, दुकानदाराची हरकत नसेल तर, बारीक कानस मुठीजवळ धारेच्या टाचेवर हलकी फिरवायची. कडक पात्यावरून कानस घसरते किंवा जेमतेम चावते. खिळ्यावर चालावी तशी सहज चालली, तर पातं मऊ आहे. लहरदार नक्षीचं स्वस्त ‘दमास्कस’ अनेकदा नुसतं ॲसिडने कोरलेलं असतं, त्यावर भाळू नका.

मूठ आणि म्यान

पातं मुठीत कुठवर जातं हे विचारा. मुठीच्या टोकापर्यंत सपाट जाणारं, दोन्ही बाजूंनी रिव्हेट मारलेलं ‘फुल टँग’ सर्वांत भक्कम. मोरासारख्या प्लॅस्टिक मुठीच्या हलक्या सुऱ्यांत पात्याचं अरुंद शेपूट आत ओतून बसवलेलं असतं. वर सांगितलेल्या कामांना तेही पुरतं. पोकळ मूठ, आत काड्यापेटी आणि गळ, बुडाला होकायंत्र असा सिनेमातला प्रकार मात्र टाळावा. तिथे शेपूट मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि एका जोराच्या दाबात पातं हातात येतं. बुडातलं होकायंत्रही शेजारच्या लोखंडामुळे भरवशाचं नसतं.

मुठीची लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर जास्त हवी. बहुतेकांना ११ ते १२ सेंटिमीटर बसते. हात ओला करून धरून बघा, शक्य असेल तर तेलाचं बोट लावून. तर्जनी पुढे सरकून धारेवर जाऊ नये म्हणून तिथे उंचवटा असावा. पण खाली दीड इंच बाहेर आलेला धातूचा आडवा दांडा नको, तो ताटलीला आणि धारेच्या दगडाला आडवा येतो. रंगाची हौस असेल तर नारिंगी घ्या. हिरवी किंवा चट्ट्यापट्ट्यांची मूठ कारवीत पडली की सापडत नाही.

चामड्याचं म्यान दिसतं छान, पण पावसाळ्यात ते ओल धरतं, बुरशी येते आणि आतलं पातं गंजतं. खाली पाणी निघायला भोक असलेलं कडक प्लॅस्टिकचं म्यान घ्या. सुरी आत घातल्यावर उलटं धरून झटका द्या. निघून पडली तर ते म्यान बाद.

मिटता चाकू की सरळ सुरी

मिटता चाकू खिशात मावतो आणि लोकांच्या डोळ्यांवर येत नाही, हे त्याचे दोन मोठे गुण. दोष असा की बिजागरीत पीठ, चिखल, कांद्याचा रस जातो आणि धुणं कंटाळवाणं होतं. पातं उघडल्यावर जागी अडकवणारं कुलूप हवंच. तपासताना चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता पाठीवर तळव्याने सावकाश दाब द्या. मिटू लागला तर नको. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर तेही नको. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूंना असं कुलूप नसतं, १११ मिलिमीटरच्यांना असतं. ९१ वाला घेतलात तर टोकाने भोसकण्याचं काम त्याला सांगू नका. मिटून बोटांवर येतो. पण त्यातला डबा उघडायचा तुकडा, कात्री आणि चिमटा ट्रेकमध्ये पात्याहून जास्त वेळा बाहेर निघतात.

फ्रान्सचा ओपिनेल क्रमांक ८, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, स्वयंपाकाला झकास. फिरवायच्या कड्याने पातं अडकतं. मूठ मात्र बीच लाकडाची, आणि आपल्या पावसात ती फुगून पातं आतच घट्ट बसतं. तेव्हा नखाने ओढत बसू नका. कडं मोकळं करून मुठीचं बूड दगडावर ठोका, पात्याचं टोक थोडं वर येतं. नवा घेतल्यावर मुठीला जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन. फुगणं पुष्कळ कमी होतं.

दोन्हींतून एकच घ्यायची असेल तर सरळ सुरी. तिला मोडायला भाग नाहीत.

लाकूडतोडीचं काय

सुरीने लाकूड फोडायचा मोह, पाठीवर दांडका मारून, अनेक व्हिडिओंनी लावला आहे. मनगटाएवढं वाळकं लाकूड अडीच मिलिमीटरच्या सुरीने फुटतंही कधीकधी; गाठ लागली की पातं वाकतं किंवा तुटतं. जिथे सरपण वापरायला परवानगी आहे, म्हणजे गावाजवळ, कोणाच्या शेतात मालकाला विचारून, तिथे गावातल्याच माणसाचा कोयता मागून घ्यावा. पाऊण किलोच्या आसपासचं ते वजनच निम्मं काम करतं.

स्वतःचा हवाच असेल तर ऑनलाइन ‘मशेटी’ न मागवता आठवडी बाजारात लोहाराकडून घ्या, आणि गाडीच्या कमानपाट्याचा मागा. ते स्प्रिंगचं पोलाद, ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं. घाव सोसतं आणि कानशीने धार लागते. जाणता लोहार नुसत्या धारेला पाणी देतो आणि पाठ मऊ ठेवतो, त्यामुळे गाठीवर आपटला तरी कोयता तुटत नाही. बोटाने वाजवून बघा: खणखणीत वाजला पाहिजे, भदभद आवाज आला तर आत चीर असू शकते. धारेच्या कडेने प्रकाशात नजर टाका, केसासारखी रेघ दिसली तर घेऊ नका. तोडताना पाय फाकवून, घावाच्या रेषेबाहेर ठेवायचे. कोयत्याच्या जखमा बहुतेक डाव्या हाताच्या बोटांना आणि नडगीला होतात.

धार आणि निगा

धार लावायला एक हजार ग्रिटचा, पाणी लावून वापरायचा दगड पुरे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). पात्याला खाचा पडल्या असतील तर आधी चारशेचा. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडमचा दगडही चालतो. स्कँडी सोडून बाकी भटकंतीच्या सुरीला प्रत्येक बाजूने २० अंश ठेवा. कोन मापायची सोपी रीत: पातं २५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर हवी, ३० रुंद असेल तर दहा. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची घडी पाठीखाली धरून कोन डोळ्यांत बसवा, मग ती काढा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. ती टाचेपासून टोकापर्यंत लागली पाहिजे. मग बाजू बदला. शेवटी दोन्हीकडून आळीपाळीने अगदी हलक्या हाताने पाच-सहा फेऱ्या, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, दहा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांबा. बहुतेकांचं बिनसतं ते खरखर यायच्या आतच बाजू बदलल्यामुळे, मग दोष दगडाला दिला जातो.

डोंगरात वापर झाला की सुरी धुवा, पुसा, पाच मिनिटं उघडी ठेवा, मग म्यानात. कार्बन पोलादावर खोबरेलाचं बोट फिरवलं तर अन्नालाही चालतं. महिनोन्महिने ठेवायची असेल तर ते तेल खवट होतं, तेव्हा मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन लावा. घरी सुरी म्यानात ठेवू नका. धारेवर जाड पुठ्ठ्याची पट्टी चढवून मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा, आणि म्यान वेगळं टांगा.